मंजुळेचं आडनाव

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' केलं. भक्ती बर्वेची मंजुळा गाजली. रस्त्यावरची पोरगी शिकल्यासवरल्या मास्तराला तोंडावर सुनावते, हे आपल्याला का आवडू नये?

पण मी एका शब्दाशी अडतो. शॉच्या लंडनात एलायझाचे उच्चार तिचा वर्ग सांगतात. ते बदलले की बड्यांच्या मेजवानीत ती खपून जाते. आपल्याकडं भाषेला 'शुद्ध' म्हणतात. हा शब्द सोवळ्यातला, पाणवठ्यावरचा. इथं बोली कितीही घासली तरी पुढचा सवाल ठरलेला: आडनाव काय? मंजुळा साळुंके आहे. कांबळे असती तर? नाटक वर्गापाशी थांबतं.

शॉ एका बाबतीत मात्र पक्का. शिकलेली एलायझा ना फुटपाथची राहते, ना दिवाणखान्याची. शिकून वस्तीबाहेर पडलेल्या आपल्या पोरांना हे सांगायला नको. आणि ती शिकलेली भाषा टाकत नाही, मास्तराला टाकते.

भिवंडीत रातपाळीला माझ्या एका बाजूला तेलुगू बोलणारा, दुसऱ्या बाजूला उर्दू. मागाच्या खडखडाटात माझं मराठी दोघांनाही कळतं. एका मासिकाकडून परत आलेल्या माझ्या कथेवर शेरा होता: भाषा अशुद्ध.