पत्र आणि पिंड : एका हळुवार विज्ञानप्रेमकथेचे प्रकाशा येथील श्रोते

ऑड्री निफेनेगर या अमेरिकी लेखिकेची ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर २००९ मध्ये चित्रपट निघाला, २०२२ मध्ये मालिका आली. मी ती प्रथम वाचली तेव्हा टिपणवहीत एकच शब्द लिहून ठेवला होता : ‘हळुवार’. गेल्या पावसाळ्यात तो शब्द मला पुन्हा तपासावा लागला.

प्रकाशा येथे आमचे पाच-सहा जणांचे वाचनमंडळ आहे. इंग्रजी सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून चार संध्याकाळी मी ही कादंबरी मराठीतून सांगितली. एवढ्याशा श्रोत्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण एखादी कलाकृती कुठे बसून ऐकली जाते यावर तिचा अर्थ किती अवलंबून असतो, हे मात्र त्यातून दिसले.

कथानक थोडक्यात असे. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात काम करणारा हेन्री एका जनुकीय दोषामुळे अवचित भूतकाळात किंवा भविष्यात फेकला जातो. अंगावरचे कपडेही त्याच्यासोबत जात नाहीत. सहा वर्षांच्या क्लेअरला घरामागच्या कुरणात छत्तीस वर्षांचा हेन्री भेटतो. पुढच्या भेटींच्या तारखांची यादी तिच्याजवळ असते. १९९१ मध्ये वीस वर्षांच्या क्लेअरला अठ्ठावीस वर्षांचा हेन्री दिसतो, तेव्हा तो तिला ओळखत नाही. त्याच्या आयुष्यात त्या भेटी अजून घडायच्या असतात.

पहिला आक्षेप आला तो निवृत्त विज्ञानशिक्षकांचा. शरीर जाते आणि कपडे राहतात, हे कोणत्या नियमाने? या प्रश्नामागे मराठी विज्ञानकथेचा संस्कार आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. विज्ञानप्रसार हा आपल्या कथालेखनाचा हेतू नारळीकरांनी कधी लपवला नाही. त्यामुळे कथेतले विज्ञान पारखून घेण्याची सवय आपल्याला लागली, आणि ती चांगलीच आहे. मात्र निफेनेगरचा कालप्रवास हा शोध नसून आजार आहे. ‘हे कसे घडते’ यापेक्षा ‘हे घडणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा करायचा’ हा तिचा प्रश्न आहे. गुरुजींनी हे मान्य केले, पण अर्धेच.

दुसरा आक्षेप महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचा होता. ती म्हणाली, “हे तर ठरवून केलेलं लग्न झालं. फरक इतकाच, की स्थळ नवऱ्यानंच ठरवलं, तेही मुलगी सहा वर्षांची असताना.” या वयाच्या अंतरावर इंग्रजी वाचकांतही वाद झाले आहेत; पण तिने जोडलेला ‘स्थळ’ हा शब्द मला अधिक नेमका वाटला. कादंबरीची रचना पाहिली तर हेन्रीनेही क्लेअरला निवडलेले नाही. आपण कुरणात भेटायचो, हे त्याला तीच सांगते. दोघेही एकमेकांच्या शब्दावर बांधले गेले आहेत आणि पहिली निवड कोणाचीच नाही. हे वर्तुळ मी आजवर रचनेचे कौशल्य मानत होतो. त्यात अडकलेल्या मुलीच्या बाजूने मी ते पाहिले नव्हते.

तिसरी प्रतिक्रिया शेवटच्या संध्याकाळची. हेन्री त्रेचाळिसाव्या वर्षी मरतो. मागे ठेवलेल्या पत्रात तो क्लेअरला सांगतो की माझी वाट पाहू नकोस, मोकळी जग. त्याच पत्रात तो हेही कळवतो की तिच्या म्हातारपणी आपली आणखी एक भेट होणार आहे. कादंबरी त्या भेटीवरच संपते. मी थांबलो. मंडळातल्या वयाने सर्वांत मोठ्या मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग अहिराणीत म्हणाल्या, “तो तिले बांधीसन गया.”

प्रकाशा म्हणजे तापी-गोमाईचा संगम, दक्षिण काशी. लांबलांबून लोक इथे अस्थी आणि दशक्रिया घेऊन येतात. मावशींनीही नवऱ्याचे दहाव्याचे विधी याच घाटावर केले होते. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा दिराने हात जोडून मोठ्याने सांगितले होते : पोरांचं शिक्षण मी पुरं करीन, तू जा. आपल्याकडे मागे उरलेला माणूस मृताला शब्द देतो, तो त्याला जाता यावे म्हणून. हेन्रीच्या पत्रात मृत माणूस जिवंताला शब्द देतो, आणि तिचे जाणे-येणे थांबते. ‘वाट पाहू नकोस’ असे म्हणत त्याने तिच्यासाठी वाटच तेवढी मागे ठेवली.

मी हेन्रीची बाजू मांडली. जे त्याने डोळ्यांनी पाहिले ते लपवणे खोटेपणाचे झाले असते. मावशी म्हणाल्या, “मग खोटं बोलायचं होतं. मरताना माणूस तेवढं करू शकतो.”

या वाक्यापाशी माझी समीक्षा अडते. कादंबरी कमी प्रतीची आहे असे मी म्हणणार नाही. शेवटच्या भेटीचे ते प्रकरण सांगताना माझाच आवाज दाटला होता. पण तिचा हळुवारपणा निरुपद्रवी नाही. ती मायेने बांधते, आणि ज्याला बांधले जात नाही त्यालाच ती केवळ हळुवार वाटते. मी हेन्रीच्या वयाचा पुरुष म्हणून ती वाचली होती. माझी वाट पाहिली जाईल, एवढेच मला त्यात दिसले होते.

वहीतला तो शब्द मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे मावशींचे अहिराणी वाक्य लिहून ठेवले आहे.