आकड्यांचा शिलालेख

परीक्षण पुस्तकाचेच करावे, असा काही दंडक नाही. सातारा जिल्ह्यात अनेक गावांत चावडीपाशी किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी पाटी बसवलेली दिसते. मजकूर इंग्रजी आणि दोनच ओळींचा : ह्या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले; त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपला मजकूर!

वाङ्मय म्हणून पाहिले, तर ह्या ओळींत गुण आहेत. पाल्हाळ नाही, शौर्याची विशेषणे नाहीत. जे परत आले त्यांचीही मोजदाद आहे. सुभेदार-शिपाई किंवा मराठा-महार असा भेद नाही. पण नाव एकही नाही, आणि प्राण कुठे दिले तेही नाही. पात्रांना नावे नाहीत आणि घटनेला स्थळ नाही, अशी कथा वाचकाने कोणाची म्हणून वाचावी?

मी मुलांना घेऊन आमच्या गावच्या पाटीपुढे उभा होतो. नव्वदीच्या एक आजी काठी टेकीत आल्या नि म्हणाल्या, "गुर्जी, आमचं आजेसासरं ह्यातच मोजल्यात का वो?"

मी निरुत्तर झालो. घरात एवढेच ठाऊक होते, की ते 'बसऱ्याकडं' गेले. शोध तिथूनच सुरू केला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी इराकातल्या कूत येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने उपासमारीने शरणागती पत्करली. इराकात पडलेल्यांचे स्मारक बसऱ्याला १९२९ साली उभे राहिले. त्यावर अंमलदारांची नावे कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडाच! उलट फ्रान्समधल्या नव शापेल येथील १९२७च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची नावे आहेत. म्हणजे शिपायाचे नाव कोरता येत नव्हते, असे नाही. ह्या पंक्तिप्रपंचाची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली दिली.

त्याच आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका; आणि पुष्कळदा 'अमकीचा नवरा' असेही लिहिलेले. इंग्रजी लेखनाने नावांची अशी दशा केली आहे, की ओळख पटणे कठीण. आजींना मी एकेक नोंद वाचून दाखवीत होतो. एका नोंदीतले बायकोचे नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "ह्या आमच्या आत्याबाईंच्या सासूबाई!" उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या त्या काळच्या बाईच्या नावानेच तिच्या नवऱ्याचा पत्ता लागावा, ही गोष्ट कुठल्याही कादंबरीकाराला सुचली नसती.

जुनी पाटी काढू नये. तीही आपल्या इतिहासाची साक्ष आहे. पण तिच्या शेजारी गावाने दुसरी पाटी लावावी. तिच्यावर नावे असावीत, शुद्ध मराठीत, बापाच्या नावासह. आणि जिथे सापडेल तिथे बायकोच्याही.

ह्या दिवाळीत माळा आवराल, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत एखादे काळवंडलेले पदक सापडेल. ते मोडीत घालू नका. त्याची कड पुसून उजेडात धरा : नंबर, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते.