जाणते मूल, अजाण प्रेक्षक : 'श्वास' ते 'नाळ'

आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) आणि संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) या दोन चित्रपटांचा उल्लेख एकत्र होतो तो बहुधा सुवर्णकमळाच्या निमित्ताने. पहिल्या मराठी सुवर्णकमळानंतर दुसऱ्यासाठी अर्धे शतक वाट पाहावी लागली, ही नोंद आता सर्वपरिचित आहे. या दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी लहान मुलगा आहे, हे साम्य मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. त्याहूनही दुर्लक्षित राहिला तो त्यांच्यातील भेद. श्यामच्या जगात काय योग्य आणि काय अयोग्य हे मोठ्यांना ठाऊक आहे. मूल चुकते, आई त्याला वळण लावते. 'श्वास'मधील मोठ्या माणसांजवळ असे काहीही नाही. आजोबांना उत्तर सापडत नाही आणि डॉक्टरांजवळचे उत्तर उच्चारण्याचे धैर्य कुणातच नाही. २००४ नंतरच्या ज्या मराठी चित्रपटांनी मुलाच्या नजरेचा आधार घेतला, त्यांचा विचार या बदलापासून करावा लागतो. या चित्रपटांविषयी लिहिताना 'निरागस' हे विशेषण इतक्या सहजपणे वापरले गेले आहे की, मुलाला काय कळते आणि काय कळू दिले जात नाही, हा मूळ प्रश्नच त्याखाली झाकला गेला.

'श्वास'चे कथानक थोडक्यात असे : कोकणातील परशुराम या मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला असून जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार आहेत. आजोबा त्याला शहरातील रुग्णालयात आणतात. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सत्य सांगितले गेलेच पाहिजे, असा डॉ. साने यांचा आग्रह आहे. चित्रपटाची नैतिक उंची या आग्रहात आहे. मुलाचे वय, आजोबांचे प्रेम, घरातील दारिद्र्य यांपैकी कोणतेही कारण त्या आग्रहाला बाजूला सारू शकत नाही. ज्याचे डोळे जाणार आहेत त्याला ते आधी कळले पाहिजे, ही भूमिका मराठी कुटुंबव्यवस्थेच्या 'लहानांसमोर बोलू नये' या सवयीला छेद देणारी आहे.

परंतु चित्रपट या भूमिकेवर पूर्णपणे स्थिर राहत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात आणि त्याला शहर दाखवतात. हा भाग विलक्षण परिणामकारक आहे. अरुण नलावडे यांचा संयत अभिनय आणि अश्विन चितळे याची सहजता यांमुळे तो अतिभावुकतेच्या काठावरून परत फिरतो. तरीही येथे पाहण्याची क्रिया मुलाकडून आजोबांकडे जाते. परशुराम जे पाहतो ते प्रेक्षक पाहत नाही. परशुराम शेवटचे पाहतो आहे, हे प्रेक्षक पाहतो. अश्रू येतात ते या अंतरातून. हा काही दोष नव्हे. मात्र मुलाच्या नजरेचा चित्रपट म्हणून त्याचा जो गौरव होतो, तो या मर्यादेसह व्हावयास हवा.

मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या'मध्ये (२००८) मूल प्रश्न विचारते. चितंग्या हा बैल जायबंदी झाल्याने निरुपयोगी ठरला आहे, वडिलांवर कर्जाचा बोजा आहे आणि बैल खाटकाला विकण्यावाचून गत्यंतर नाही. शेजारच्या रशिदाची आजी आजारी आहे. तिच्यावर मात्र उपचार चालू आहेत. काम न करू शकणाऱ्या आजीला जपायचे आणि बैलाला विकायचे, यामागचे कारण टिंग्याला हवे आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मांडता येईल असा हा प्रश्न आहे आणि त्यातील तर्क निर्दोष आहे. वडिलांना तो कळतो, म्हणूनच ते चिडतात. शरद गोयेकर या मुलाचा हट्ट कोठेही गोजिरवाणा होत नाही, हे या चित्रपटाचे सामर्थ्य होय. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. शेतीचा हिशेब आणि घरातील माया यांची एकाच प्रश्नात गाठ घालणे त्यातल्या थोड्याच लेखनाला जमले असेल.

प्रश्न विचारण्याची मुभा सर्व मुलांना सारखी नसते, ही बाब 'टिंग्या'नंतर 'विहीर' (२०१०) पाहताना प्रकर्षाने जाणवते. उमेश कुलकर्णी यांच्या या चित्रपटातील समीर आणि नचिकेत ही मावस-मामे नात्याच्या वर्तुळातील, सुस्थिर घरातील मुले आहेत. ती एकमेकांना पत्रे लिहितात, लग्नघराच्या गर्दीत एकांत शोधतात. नचिकेतला सारे सोडून जावेसे वाटते. त्याचे नावच कठोपनिषदाची आठवण करून देणारे आहे. विहिरीत बुडून त्याचा मृत्यू होतो आणि उरलेला चित्रपट समीरच्या शोधाचा होतो. सुधीर पळसणे यांचे छायालेखन या शोधाला घाई करू देत नाही. दृश्ये लांबतात, संवाद विरळ होतात, आणि मृत्यूचे स्पष्टीकरण न देता त्याच्याजवळ बसून राहण्याचे धाडस हा चित्रपट करतो. मराठी चित्रपटाने मुलाच्या वैचारिक आयुष्याला इतके गांभीर्याने क्वचितच घेतले आहे. पण टिंग्याला मृत्यूचा विचार बाजारभावासकट करावा लागतो, समीरला तो निव्वळ मृत्यू म्हणून करता येतो. ही तुलना 'विहीर'चे मोल कमी करण्यासाठी नाही. मुलाचे 'सनातन' वाटणारे प्रश्नही घराच्या पायरीवरून उतरूनच येतात, एवढेच तिच्यातून दिसते.

त्यानंतरचे दोन चित्रपट येथे ओझरते पाहिले तरी पुरे. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी'तील (२०१४) पंढरपूरची मुले बांगड्या विकून सायकल वाचवू पाहतात. त्यांना परिस्थिती कळते आणि आकडेमोडही कळते. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'तील (२०१५) चिन्मयचे एकाकीपण आईच्या एकाकीपणाशेजारी ठेवले आहे, आणि अमृता सुभाष यांनी साकारलेली आई मुलाइतकीच भांबावलेली आहे, हे त्यातले सर्वांत मोलाचे. मित्र चिन्मयला किल्ल्यावर एकटा सोडून जातात तो प्रसंग अंगावर येतो. कोकणातील पाऊस मात्र दुःखावर जरा लवकरच फुंकर घालतो.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१४) या सर्वांहून निराळा ठरतो तो ज्ञानाची दिशा उलट केल्यामुळे. वर पाहिलेल्या बहुतेक चित्रपटांत मुलापेक्षा प्रेक्षकाला अधिक कळते, निदान तसा त्याचा समज असतो. 'फँड्री'च्या शीर्षकापासूनच प्रेक्षक अजाण ठरतो. कैकाडी बोलीतील या शब्दाचा अर्थ डुक्कर, हे शहरी मराठी प्रेक्षकाला चित्रपटगृहात शिरताना बहुधा ठाऊक नव्हते. जब्याला तो घरातून मिळालेला आहे. गावातील टवाळ मुलांनाही तो ठाऊक आहे, कारण त्यांनी त्याची शिवी केली आहे. एकाच शब्दाचे घरात बोली असणे आणि घराबाहेर शिवी होणे, जातिव्यवस्थेच्या व्यवहाराविषयी याहून नेमके विधान शोधूनही सापडणार नाही.

जब्याला 'निरागस' म्हणणे म्हणूनच अडचणीचे आहे. काळ्या चिमणीची राख टाकली की शालू वश होईल, यावर त्याचा विश्वास आहे. पण आपण कोण आहोत आणि शालूने आपल्याला काय करताना पाहता कामा नये, हे त्याला पुरेपूर कळते. चिमणीमागची वणवण काही ठिकाणी रेंगाळते आणि स्वतः मंजुळे यांनी साकारलेला चंक्या कथेत पुरता मुरत नाही. अखेरच्या डुक्कर पकडण्याच्या दीर्घ प्रसंगात मात्र एकही क्षण सैल नाही. शाळेजवळ कचरूचे कुटुंब डुकरामागे धावते आहे आणि गाव खेळ पाहावा तसे ते पाहते आहे. जब्या लपतो, कारण त्याला दिसायचे नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच तो स्तब्ध उभा राहतो, त्याच्यामागोमाग घरचेही थांबतात आणि हाती आलेले डुक्कर निसटते. नागरिकत्वाचा मान ज्यांना सर्वांत कमी मिळाला, त्यांनीच तो सर्वांत महाग किमतीला पाळला. पुढे पकडलेले डुक्कर वाहून नेले जाते ते डॉ. आंबेडकर आणि महात्मा फुले यांची चित्रे रंगवलेल्या भिंतीवरून. येथे संवाद नाही, आणि नाही हेच बरे.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. या दगडावर एवढी चर्चा झाली आहे की तो कधीकधी चित्रपटापासून सुटून केवळ घोषणा बनतो. महाविद्यालयीन चर्चासत्रांतही 'विद्रोह' एवढा शब्द उच्चारून पुढे जाण्याकडे कल असतो. वास्तविक या दृश्याचा अर्थ आधीच्या बघ्यांच्या दृश्यांनी घडवलेला आहे. कॅमेरा तोवर जब्याच्या बाजूने होता. त्या क्षणी तो टवाळखोरांच्या जागी जाऊन उभा राहतो आणि प्रेक्षकाला सोबत नेतो. 'श्वास'मध्ये प्रेक्षक पाहत होता आणि मूल पाहिले जात होते. तो सोयीचा करार येथे मुलाने मोडला. सहानुभूतीने पाहणे हेही पाहणेच आहे, आणि ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला ते नको असू शकते, ही जाणीव त्यापूर्वीच्या मुलांच्या चित्रपटांत जवळपास नव्हती.

'नाळ' (२०१८) या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या चित्रपटात हा धागा अनपेक्षित ठिकाणी पुन्हा हाती लागतो. चैत्याला पाहुण्या आलेल्या मामाच्या तोंडून कळते की ज्या आईजवळ तो वाढला ती त्याची जन्मदाती नाही. येथे गाव दृष्ट लागावी असे सुंदर आहे, नदी आहे, माया करणारी आई आहे. दगड उचलावा असे काही नाही. तरीही कळल्यानंतर मुलाची नजर बदलते. जेवण वाढणारा हात, रागावणारा आवाज, नित्याचे लाड यांची तो आता पारख करू लागतो. देविका दफ्तरदार यांनी साकारलेल्या आईला मुलातला बदल दिसतो, कारण दिसत नाही. श्रीनिवास पोकळे या बालकलाकाराचे डोळे या मधल्या काळात कॅमेऱ्याला जे देतात, त्याला 'निरागस' हा शब्द कोणत्याही अर्थाने लागू पडत नाही.