उलटलेला रोग, किरणोपचार आणि जाणण्याचा हक्क : ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीचे चिकित्सक आकलन

बीजसंज्ञा : किरणोपचार, रोगाचे उलटणे, रूपक, संमती, रुग्ण-वैद्य संवाद

प्रास्ताविक

साहित्य आणि वैद्यक यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना कर्करोगविषयक लेखनाला वेगळे स्थान द्यावे लागते. त्यातही एकदा शस्त्रक्रिया होऊन रोग उलटल्यानंतर किरणोपचारांना सामोरे जाणाऱ्या रुग्णाचा अनुभव निराळा असतो. पहिल्या वेळी रुग्णाजवळ अज्ञान असते आणि अज्ञानाच्या आधाराने उभा राहणारा विश्वासही असतो. दुसऱ्या वेळी उपचाराच्या मर्यादा त्याने स्वतःच्या देहावर अनुभवलेल्या असतात. आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाने १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ या ग्रंथात आजारकथनाचे काही प्रकार सांगितले आहेत. काल निरोगी, आज आजारी, उद्या पुन्हा निरोगी असा क्रम असलेले पूर्वस्थितीचे कथन हा त्यांपैकी सर्वांत प्रचलित प्रकार होय. रोग उलटला की हा क्रमच मोडतो. मग रुग्णाने उपचाराला कोणत्या आधारावर होकार द्यावा, हा प्रश्न उरतो. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. लेखकाचा अनुभव आणि कादंबरी

सोल्झेनित्सिन यांना १९४५ साली अटक होऊन आठ वर्षांची शिक्षा झाली. १९५२ साली एकिबास्तुझ येथील श्रमछावणीत त्यांच्यावर अर्बुदाची शस्त्रक्रिया झाली. १९५३ साली कझाकस्तानातील कोक-तेरेक या गावी हद्दपारीत असताना रोगाने पुन्हा डोके वर काढले. १९५४ साली ताश्कंद येथील रुग्णालयात त्यांच्यावर क्ष-किरणांचे उपचार झाले आणि ते बरे झाले. पुढे २००८ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या अनुभवावर आधारलेली कादंबरी १९६८ साली परदेशात प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात ती छापली जाण्यास १९९० साल उजाडावे लागले.

कादंबरीचा काळ १९५५ चा आहे. नायक ओलेग कोस्तोग्लोतोव्ह हा छावणीत शिक्षा भोगून आलेला हद्दपार इसम आहे. छावणीतील शस्त्रक्रियेनंतर त्याचा रोग पोटात पसरला आहे. रुग्णालयात पोहोचतो तेव्हा तो मरणाच्या दारात असतो. किरणोपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच त्याच्या वेदना ओसरतात. त्याचे अर्बुद सेमिनोमा या जातीचे आहे. हे अर्बुद किरणांना विशेष दाद देणारे असल्याने कथानकातील ही सुधारणा वैद्यकीय वास्तवाला धरून आहे.

२. रूपक की वास्तव?

या कादंबरीतील कर्करोग म्हणजे स्टालिनकालीन राजवटीचे रूपक, असा अर्थ पुष्कळदा लावला गेला. सुसान सोंटॅग यांनी १९७८ सालच्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात याच्या नेमके उलट निरीक्षण नोंदविले. या कादंबरीत कर्करोगाचा रूपक म्हणून वापर जवळजवळ नाहीच, असे त्यांचे म्हणणे आहे. स्वतः सोल्झेनित्सिन यांनीही १९६७ साली सोव्हिएत लेखक संघापुढे रूपकाचा आरोप नाकारला होता.

सोंटॅग यांचे निरीक्षण मान्य करूनही त्याला एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. रोग हे राज्यव्यवस्थेचे रूपक नसले, तरी उपचाराच्या वर्णनात रूपके आहेतच. पोटातील गाठ बेडकासारखी वाटते, तर किरणांचे कण वाटेत येईल त्याची चाळण करणाऱ्या तोफगोळ्यांसारखे वाटतात. किरणोपचाराची परिभाषा हवाई युद्धाकडून उसनी घेतलेली आहे, अशी टीका सोंटॅग यांनी याच पुस्तकात केली आहे. कोस्तोग्लोतोव्ह हा युद्धावर गेलेला सैनिक असल्याने ही प्रतिमा त्याच्या मनात सहज उमटते. मात्र तिचा रोख शत्रूच्या नाशावर राहत नाही. गाठीबरोबर आपले निरोगी मांस आणि रक्तही भेदले जात आहे, ही जाणीव त्यातून व्यक्त होते. येथे युद्धरूपक वीरश्री निर्माण करीत नाही, हानीचा हिशेब मांडते.

३. देहाची तयारी, माणसाची तयारी

किरणोपचाराच्या खोलीतील प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. कोस्तोग्लोतोव्हच्या पोटाच्या त्वचेचे चौकोन पाडलेले आहेत. एक चौकोन उघडा ठेवून उरलेला भाग शिसेयुक्त रबराने झाकला जातो. डॉक्टर वेरा गांगार्त हे काम निगुतीने करते आणि मग खोलीबाहेर जाते. किरण सुरू होतात तेव्हा रुग्ण एकटाच असतो. किरणांचा स्पर्श जाणवत नाही, वेदना होत नाही, केवळ यंत्राचा आवाज ऐकू येतो. मळमळ आणि गळाठा नंतर येतो. या उपचारात क्रिया आणि परिणाम यांच्यामध्ये असलेले हे अंतर सोल्झेनित्सिन अचूक टिपतात. शस्त्रक्रियेचा व्रण डोळ्यांना दिसतो; किरणांच्या बाबतीत मात्र रुग्णाला सांगोवांगीवर विसंबावे लागते. म्हणूनच येथे वैद्याच्या शब्दाचे मोल वाढते.

देहाची तयारी अशी काटेकोर असताना माणसाची तयारी मात्र कोणीच करीत नाही. किती किरण द्यायचे, किती काळ द्यायचे, पुढे काय होऊ शकते, हे त्याला सांगितले जात नाही. वैद्यकाची पुस्तके रुग्णांनी वाचू नयेत, असा तेथील दंडक आहे. तरीही कोस्तोग्लोतोव्ह झोया या विद्यार्थिनी-परिचारिकेकडून विकृतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक मिळवितो. रोग उलटलेल्या रुग्णाने स्वतःची तयारी स्वतःच करण्याचा हा प्रयत्न आहे. ही ज्ञानलालसा केवळ जिज्ञासेपोटी आलेली नाही. चोरून वाचलेल्या पानांमुळेच तो वैद्यांसमोर प्रश्न विचारण्याइतका उभा राहू शकतो.

आजचे तंत्र त्या काळापेक्षा फार पुढे गेले आहे. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० यंत्राने रुग्णांवर उपचार सुरू झाले. १९५३ साली लंडनमध्ये रेषीय प्रवेगकाचा वापर सुरू झाला. आता सीटी प्रतिमांवरून आखणी होते, त्वचेवर बारीक खुणा केल्या जातात, डोके किंवा मान हलू नये म्हणून मुखवटा बसविला जातो आणि एकूण मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली जाते. त्याच जागी पूर्वी किरण दिलेले असतील, तर निरोगी ऊतींनी आधी किती मात्रा सोसली आहे याचा हिशेब करावाच लागतो. तरीही बंद खोलीतील एकटेपणा, दिवसागणिक साचत जाणारा थकवा आणि उशिरा उमटणारे परिणाम यांना सामोरे जाण्यापूर्वी रुग्णाला काय सांगितले जाते, हा प्रश्न तंत्राच्या प्रगतीने आपोआप सुटत नाही.

४. उपचार करण्याचा अधिकार

‘उपचार करण्याचा अधिकार’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले प्रकरण हा कादंबरीचा वैचारिक गाभा होय. वेदना थांबल्यावर कोस्तोग्लोतोव्ह घरी जाण्याची परवानगी मागतो. मिळालेला थोडा काळ त्याला जगून घ्यायचा आहे; कोणत्याही किमतीवर वाचणे त्याला नको आहे. किरणोपचार विभागाच्या प्रमुख ल्युदमिला दोन्त्सोवा यांच्या मते उपचार अर्धवट सोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण आहे. दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क डॉक्टरांना कोणी दिला, असा त्याचा प्रश्न आहे. अनेक वर्षे ज्याच्या देहावर तुरुंगाचा हुकूम चालला, त्याच्या तोंडी हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

सोल्झेनित्सिन यांचे श्रेष्ठत्व असे की, त्यांनी दोन्त्सोवांना खलनायिका केलेले नाही. रुग्णासमोर त्या ठाम राहतात. परंतु एकांतात त्यांना जुने रुग्ण आठवतात. बालपणी भरपूर किरण दिलेला एखादा रुग्ण पुढे वाढ खुंटलेल्या अवयवांनिशी परत आलेला असतो. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे उपचार योग्यच होता, रोगही बरा झाला होता, तरीही हानी झाली होती. ही शंका रुग्णापर्यंत पोहोचत नाही, हे या संवादातील खरे अपयश आहे. पुढे सिनेस्ट्रॉल या संप्रेरकाच्या इंजेक्शनांमुळे आपले पौरुष जाणार, हे कोस्तोग्लोतोव्हला डॉक्टरांकडून न कळता झोयाकडून कळते. दडविलेली माहिती आडवाटेने पोहोचली की ती अविश्वासाचे रूप घेते, हे येथे सूचित होते.

५. उलट बाजूने

कादंबरीच्या उत्तरार्धात दोन्त्सोवा स्वतः आजारी पडतात. वर्षानुवर्षे मर्यादेपेक्षा अधिक किरण अंगावर घेतल्याची पार्श्वभूमी या आजाराला आहे. आपले वृद्ध गुरू ओरेश्चेन्कोव्ह यांच्याकडे त्या सल्ल्यासाठी जातात. आयुष्यभर ज्या रोगाचा अभ्यास केला तोच आतून भोगताना त्यांचे ज्ञान त्यांना आधार देत नाही. सगळा तपशील जाणून घेण्याची इच्छाच मावळते. कोस्तोग्लोतोव्हला जाणायचे आहे, तर दोन्त्सोवांना जाणायचे नाही. ही मांडणी लेखाच्या प्रतिपाद्याला छेद देणारी वाटेल. प्रत्यक्षात ती त्यास पूरक आहे. किती जाणावे हे ठरविण्याचा हक्क रुग्णाचा असेल, तर न जाणण्याची निवडही त्यात येते. दोन्त्सोवांना ती निवड करता आली. कोस्तोग्लोतोव्हच्या बाबतीत ती इतरांनी केली होती.

६. मर्यादा

कादंबरीच्या काही मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. वेरा आणि झोया यांचे चित्रण बव्हंशी नायकाच्या अभिलाषेच्या नजरेतून झाले असल्याने परिचर्येचे श्रम, विशेषतः किरणोपचारांनंतरची दैनंदिन देखभाल, पार्श्वभूमीत राहते. तसेच नायक रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतर एका दिवसात कथानक संपते. किरणांचे उशिरा उमटणारे परिणाम हा दोन्त्सोवांचा सल असला, तरी रुग्णाच्या आयुष्यात ते कसे उतरतात हे वाचकाला कळत नाही.

समारोप

मराठी बोलीत किरणोपचारांना ‘शेक घेणे’ असे म्हटले जाते. हा शब्द ओळखीचा आणि घरगुती आहे. त्यामुळे भीती कमी होते, परंतु माहितीही झाकली जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात वैध संमतीसाठी उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय, प्रमुख धोके आणि नकाराचे परिणाम यांची पुरेशी माहिती देणे आवश्यक मानले. कायद्याने मान्य केलेली ही गोष्ट प्रत्यक्ष संवादात किती अवघड असते, हे ‘कॅन्सर वॉर्ड’ दाखविते.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१. ‘कॅन्सर वॉर्ड’चे केवळ राजकीय रूपककथा म्हणून केलेले वाचन अपुरे आहे, किरणोपचाराचे वास्तव हा तिचा स्वतंत्र आशय आहे.

२. रोग उलटलेल्या रुग्णाला केवळ दिलासा पुरत नाही. त्याची मानसिक तयारी माहितीवर आणि प्रश्न विचारण्याच्या मोकळिकीवर अवलंबून असते.

३. वैद्याची शंका रुग्णाला सांगितल्याने त्याचा विश्वास कमी होतोच असे नाही. ती दडविल्याने मात्र तो ढळतो.

कोस्तोग्लोतोव्ह वाचतो तो किरणांमुळे, हे कादंबरी कोठेही नाकारत नाही. योग्य उपचारही रुग्णाला विचारूनच झाला पाहिजे, हा तिचा आग्रह आहे.