‘वाटचाल’ : कागदावर आलेला जलसा

वामनदादा कर्डकांनी पहिले गीत रचले 1943 साली. ‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला गीतसंग्रह निघाला 1973 मध्ये. मधली तीस वर्षे त्यांची गाणी गळ्यागळ्यांतून फिरत होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या या माणसाला अक्षरओळखही मोठेपणीच झाली. अशा संग्रहाला नवकवीचे पहिले पुस्तक समजणारा समीक्षक पहिल्याच पानावर चुकतो.

कुणी म्हणेल, ध्रुवपद फार वेळा येते, चाली उसन्या आहेत. ध्रुवपद परत येते ते झीलकऱ्यांसाठी; तेवढ्यात शाहीर दम घेतो, ढोलकी बोलते. आणि चाल ओळखीची असली की रात्री ऐकलेले गाणे सकाळी कामावर निघालेल्या बाईच्या ओठी येते. 1930च्या दशकात नाशिकच्याच भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा याच बळावर वस्त्यावस्त्यांतून पोचला होता.

सगळीच गाणी कागदावर उभी राहत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. गौरवगीतांत विशेषणे थकतात. पण छापखान्याच्या खिळ्यांत चाल बसत नाही, त्याचा दोष शाहिराच्या माथी का? वामनदादा 2004 मध्ये गेले. त्यांच्या साथीला बसलेले गळेही आता थकले आहेत. आधी त्यांच्यापुढे ध्वनिमुद्रक ठेवा. प्रबंध मागून लिहिता येतील.