शैवाकांचे तीन प्रकार : ओळख की वर्गीकरण?

शैवाकांच्या पाठात तीन प्रकार हमखास भेटतात : खडकाला किंवा सालीला घट्ट चिकटलेले क्रस्टोज, पानासारखे पसरणारे फोलिओज आणि झुडपासारखे उभे किंवा लोंबणारे फ्रुटिकोज. उत्तरपत्रिकेत हेच ‘शैवाकांचे वर्गीकरण’ ठरते. आक्षेप आहे तो इथे.

शैवाकाचे शास्त्रीय नाव त्यातील कवकाला दिलेले असते. म्हणून खरे वर्गीकरण कवकाच्या वंशसंबंधांवर उभे राहायला हवे. आता टेलोस्किस्टेसी हे कुल पाहा. त्यातील कॅलोप्लाका क्रस्टोज, झँथोरिया फोलिओज आणि टेलोस्किस्टिस फ्रुटिकोज. रूपे तीन, कुल एकच! यांच्या नारिंगी भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यास सहसा जांभळट लाल रंग येतो, कारण त्यांत पॅरिएटिनसारखी रंगद्रव्ये असतात. आकारात न दिसणारे नाते रसायनात दिसते. उलट, अस्नियाही फ्रुटिकोजच, पण तिचे कुल पार्मेलिएसी.

मग हे प्रकार टाकून द्यायचे का? नाही. क्षेत्रभेटीत पहिली चाळणी म्हणून ते उपयोगी आहेत. पुढे भिंग, बीजाणू, रंगचाचण्या आणि शेवटी डीएनए असा क्रम लागतो. दीर्घकाळ एकच जाती मानलेल्या कोरा शैवाकात डीएनए अभ्यासाने २०१४ मध्ये १२६ जाती दाखवल्या; नुसत्या नजरेची मर्यादा यावरून कळते.

तेव्हा उत्तर लिहिताना मथळा ‘वाढीची रूपे’ असा द्या. ‘वर्गीकरण’ या मथळ्याखाली कुल, प्रजाती आणि जाती यांचाच विचार करा.