जहाजाचं नाक आणि कापलेली कड

भंगारात गेलेल्या प्रवासी जहाजांच्या वस्तू जमवणारे लोक जगभर आहेत. कपबशा, खोल्यांच्या किल्ल्या, मेनूकार्डं, डेकवरच्या खुर्च्या. छंद गोड आहे. पण संग्रह म्हणजे निवड, आणि निवडीची समीक्षा व्हायला हवी.

‘फ्रान्स’ हे जहाज घ्या. 1962 साली ते पहिल्या सफरीवर निघालं. सुमारे 316 मीटर लांब, देशाच्या अभिमानाचं. 1974 मध्ये ते परवडेना म्हणून थांबवलं. मग विकलं गेलं, ‘नॉर्वे’ झालं आणि 1980 पासून पर्यटकांना कॅरिबियन समुद्रात फिरवू लागलं. 2003 मध्ये मायामीत बॉयलरचा स्फोट झाला, 8 कर्मचारी गेले. 2006 मध्ये ‘ब्लू लेडी’ या नावाने ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर आलं. ॲस्बेस्टॉसवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, 2007 मध्ये तोडायला परवानगी मिळाली.

2009 मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. जहाजाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, 2 लाख 73 हजार युरोंवर गेलं. आज ते ल हाव्र या त्याच्या मूळ बंदरात उभं आहे.

आता हिशेब करा. हे नाक ‘फ्रान्स’ म्हणून 12 वर्षं समुद्रात होतं, ‘नॉर्वे’ म्हणून 23. तरी लिलावात नाव चाललं ते पहिलंच. संग्राहकाला जहाजाचं आयुष्य नको असतं, त्याचं तारुण्य हवं असतं. त्यात बॉयलरजवळचे 8 जण बसत नाहीत. अलंगला गॅसकटर धरणारे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले मजूर तर नाहीच नाहीत.

अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांत जहाजांतल्या गाद्या, ताटल्या, टेबलं विकायला असतात. तिथे कुणी वंशावळ विचारत नाही. टेबल डगमगतं का, एवढंच बघतात. मला हा व्यवहार जास्त प्रामाणिक वाटतो. वस्तू पुन्हा वापरात येते, तिच्यावर खोटा हळवेपणा चढत नाही.

पण वापरात आलेली वस्तू आठवण राखत नाही, हेही खरं. म्हणून संग्रह हवेतच. फक्त ते पूर्ण हवेत. नाक जपलंय, म्हणजे त्याच्या मागे कापलेली कडही आहे. ती कड कुणीतरी, कुठेतरी, उन्हात उभं राहून कापली. जुन्या जहाजाची वस्तू पुढे कुठे दिसली, तर ती कुणी वापरली हे विचाराच, आणि ती कुणी सोडवून काढली हेही.